पार्ट टाइम पीएचडी, मोडीचे रुमाल आणि कागदातलं एक भोक

२२ ऑगस्ट २०२५ ला माझा पीएचडीचा व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, झाला. पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, दिली होती डिसेंबर २०१८ मध्ये. मध्ये पावणेसात वर्षं गेली. या काळात कॉलेजातल्या ज्युनिअर मंडळींनी मला एकच प्रश्न शंभर वेळा विचारलाय, "मॅडम, नक्की काय काय करायला लागतं ओ?" आणि दरवेळी मी अर्धं सांगून लेक्चरला पळालेय, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते.

मी इचलकरंजीची, खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. विद्यापीठाचं, कॉलेजचं, कुणाचंच नाव लिहीत नाही, कारण तक्रारी करणार आहे आणि अजून तिथंच नोकरी करायची आहे.

विषय होता मोडी कागदपत्रं कॉम्प्युटरनं वाचायचा. सुचला घरातूनच. सासरच्या जुन्या घरात माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती, त्यात फडक्यात बांधलेले कागद. असल्या गाठोड्याला रुमाल म्हणतात हे मला तेव्हा माहीतसुद्धा नव्हतं. घरात कुणालाच वाचता येईना. मोडीत शिरोरेघ आधी ओळभर ओढून घेतात आणि मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत जातात, शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची भानगडच नाही. त्यामुळं छापील देवनागरीला चालणारी युक्ती, म्हणजे रेघ काढून टाका, अक्षरं सुटी करा, मोकळी जागा दिसली की शब्द तोडा, इथं पहिल्याच पायरीला आपटते. मला वाटलं, चला, विषय मिळाला.

पेटच्या आधीच पहिली अडचण आली, एनओसी. नोकरी करत पार्ट टाइम करायचं तर कॉलेजचा ना हरकत दाखला लागतो. अर्ज दिला, तो ऑफिसातून संस्थेच्या मीटिंगला गेला, मीटिंगला कोरम नव्हता म्हणून पुढच्या महिन्यात गेला, सात आठवड्यांनी सही झाली, फॉर्मची शेवटची तारीख होती चार दिवसांवर. तुम्ही जाहिरात यायची वाट बघू नका, एनओसीचा अर्ज आधीच टाकून ठेवा. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्याच, नाहीतर दीड महिन्यानं "कुठला अर्ज?" असं ऐकायला मिळतं.

पेटमध्ये अर्धे प्रश्न रिसर्च मेथडॉलॉजीचे, अर्धे विषयाचे, पास व्हायला पन्नास टक्के. मी विषयाचीच तयारी करत बसले आणि हायपोथिसिस टेस्टिंगवर अडखळले, तरी ५६ पडले. एप्रिल २०१९ ला इंटरव्ह्यू. समितीतल्या एकांनी विचारलं, मोडी वाचून फायदा काय, इंडस्ट्रीला काय उपयोग? मी काहीतरी डिजिटायझेशन वगैरे बोलले. (२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला सरकारला मोडी वाचणारी माणसं मिळेनात तेव्हा मला ते गृहस्थ फार आठवले.) ९ जुलै २०१९ च्या तारखेचं रजिस्ट्रेशनचं पत्र आलं. हे पत्र लॅमिनेट करून ठेवा म्हटलं तरी चालेल, कारण तुमची वर्षं त्या तारखेपासून मोजतात. तेव्हाच्या, म्हणजे २०१६ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांत जास्तीत जास्त सहा वर्षं होती, बायकांना आणखी दोन. ती दोन वर्षं माझ्या हिशेबात नव्हती, पण उशाशी पैसे ठेवून झोपावं तसं बरं वाटायचं.

कोर्सवर्क शनिवारी. ऑगस्ट ते डिसेंबर सकाळी सहाची एसटी, डबा, परत यायला रात्रीचे नऊ. पास व्हायला पंचावन्न टक्के. ते संपवून हुश्श करतोय तोवर यूजीसीनं रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्सचा दोन क्रेडिटचा कोर्स काढला आणि आमच्या बॅचलाही तो करायला सांगितलं. तेव्हा मी जाम वैतागले होते. पुढं त्याच कोर्समधलं काय कामाला आलं ते खाली येईल.

आता कामाचं. ट्रंकेतले कागद पुरणार नव्हते. दोन-तीन ओळखीच्या घरांतून मिळाले, एका ठिकाणी रीतसर परवानगी काढून फोटो घेतले. वाचून द्यायला भेटले आप्पा. निवृत्त शिक्षक, तेव्हा वय ७४, घरी जाऊन बसलं की आधी चहा, मग भिंग, मग कागद. एक एक ओळ वाचत ते आखीव वहीत देवनागरीत उतरवायचे. मौजे, कसबे, बिन, वल्द (शेवटचे दोन म्हणजे अमक्याचा मुलगा) हे शब्द मी त्यांच्याकडंच शिकले. जुन्या कागदांतल्या सुहूर सन नावाच्या कालगणनेतले आकडे अरबी शब्दांत असतात, इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, ते पाढ्यासारखे त्यांनी माझ्याकडून म्हणून घेतले. पैसे घ्यायला तयार नव्हते, शेवटी पानामागं पन्नास रुपये ठरले आणि त्यातले निम्मे ते माझ्या पोराला खाऊला द्यायचे.

जानेवारी २०२० ला पहिले फोटो झाले आणि मार्चमध्ये सगळं बंद. वर्षभर ना कागद, ना आप्पा. ऑनलाइन लेक्चरं, पोराची ऑनलाइन शाळा, एकच लॅपटॉप. दर सहा महिन्यांनी सल्लागार समितीपुढं, म्हणजे रॅकपुढं, प्रगती दाखवायची असते. त्या वर्षीच्या माझ्या दोन्ही रिपोर्टांत "लिटरेचर रिव्ह्यू चालू आहे" हेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत आहे. लाज वाटून रॅक चुकवू मात्र नका. दाखवायला काही नसलं तरी जा, सह्या घ्या, कारण पुढं सिनॉप्सिसच्या, म्हणजे थीसिसचा सारांश द्यायच्या, वेळी क्लार्क पहिल्यांदा ते सगळे रिपोर्ट मोजतो, एक कमी असला की फाइल परत.

फेब्रुवारी २०२१ ला परत फोटो काढले, नवीन मोबाइलनं, जास्त चांगले. टायपिंगला आमच्याच कॉलेजचे दोन विद्यार्थी बसवले. एकूण साधारण ३,८०० ओळी झाल्या. मॉडेल काही फार वेगळं नव्हतं, सीएनएन (चित्रातले आकार ओळखणारा भाग), पुढं एलएसटीएम (आकारांचा क्रम लक्षात ठेवणारा), शेवटी सीटीसी (त्यातून मजकूर जुळवणारी पद्धत). सीटीसीचा फायदा असा की अक्षरं सुटी करून द्यायला लागत नाहीत, अख्खी ओळ द्यायची आणि खाली काय लिहिलंय ते द्यायचं, कुठलं अक्षर कुठं आहे ते तो आपलं बघून घेतो, म्हणजे मोडीला अगदी पाहिजे तसं. फुकटच्या कोलॅबवर, म्हणजे गूगलच्या ऑनलाइन मशीनवर, मॉडेलचं ट्रेनिंग लावायचं, रात्री अडीचला उठून बघायचं तर सेशन गेलेलं. (दर इपॉकला, म्हणजे सगळ्या ओळींची एक फेरी झाली की, वेट्स, म्हणजे मॉडेल जे शिकलंय ते, ड्राइव्हवर सेव्ह करा. हे मला तिसऱ्यांदा सेशन गेल्यावर सुचलं.) ट्रेनिंग घरीच करायला ग्राफिक्स कार्ड घ्यायचं होतं, पण २०२१ मध्ये क्रिप्टोवाल्यांमुळं भाव असे चढले होते की बोलायची सोय नाही. २०२२ च्या पावसाळ्यात उतरल्यावर बारा जीबीचं आरटीएक्स ३०६० घेतलं, ३२ हजार. तेवढ्यात गाडी बदलायची होती, ती अजून तीच आहे.

तर नोव्हेंबर २०२१ मध्ये आकडा आला, शंभर अक्षरांमागं चूक ४.१. मी दोनदा रन केलं, तेच. गाइड मॅडमना रात्री मेसेज टाकला, त्यांनी थम्सअप टाकला, आणि सकाळी फोन करून म्हणाल्या, "एवढं चांगलं कसं काय आलं गं?" मी दुखावले. आता वाटतं की त्या वाक्यावर तेव्हाच थांबायला पाहिजे होतं. फेब्रुवारी २०२२ ला एका चांगल्या जर्नलला पेपर पाठवला आणि घरी श्रीखंड आणलं.

जुलैमध्ये एका सेमिनारसाठी स्लाइड करत होते. टेस्टमधल्या, म्हणजे मॉडेलला न शिकवता तपासणीसाठी बाजूला ठेवलेल्या, चार-पाच ओळी, मॉडेलनं काय वाचलं आणि खरं काय आहे असं शेजारी शेजारी लावायचं. एक ओळ निवडली, कसर लागलेली, म्हटलं बघा खराब कागद पण वाचतंय. "बिन" च्या पुढं कागदाला चक्क भोक होतं. बोटाच्या पेराएवढं, आरपार, मागच्या टेबलाचं लाकूड फोटोत दिसत होतं. आणि मॉडेलनं तिथं वाचलं होतं, खंडोजी. आप्पांच्या वहीतही खंडोजीच होतं.

आप्पांनी ते कसं लिहिलं ते मला आठवत होतं. सहा ओळी वर त्याच्या भावाचं नाव आलंय, त्याच्या बापाचं नाव खंडोजी, म्हणून यांच्याही. पण माझ्या मॉडेलला एका वेळी एकच ओळ दिसते. सहा ओळी वर काय आहे ते त्याला कळायचा काही मार्गच नाही. मग लाकडावरून त्यानं खंडोजी वाचलं कसं?

पोटात गोळा आला. पहाटे चारपर्यंत शोधत बसले. झालं होतं असं की तेच पान २०२० मध्ये एकदा आणि २०२१ मध्ये परत एकदा फोटोत आलं होतं, वेगळ्या फाइलनावानं, आणि दोन्ही पोरांनी आप्पांच्या वहीतलं तेच लिप्यंतर दोन्हींना जोडलं होतं. मी ओळी रँडम वाटल्या होत्या, एक प्रत ट्रेनिंगला गेली, एक टेस्टला. म्हणजे परीक्षेतला पेपर आदल्या दिवशीच वाटलेला. फोटो वेगळ्या मोबाइलचे, म्हणून इमेज हॅशनं, म्हणजे फोटोच्या ठशावरून, डुप्लिकेट सापडत नव्हते, शेवटी लिप्यंतराचा मजकूरच एकमेकांशी जुळवून बघितला तर असली १९ पानं निघाली. आणि त्याहून मोठी चूक म्हणजे एकाच कारकुनाच्या हातच्या ओळी दोन्हीकडं होत्या. मॉडेलला मोडी येत नव्हतं, त्याला त्या अकरा माणसांची अक्षरं पाठ झाली होती.

डुप्लिकेट काढले, दरवेळी एक हस्ताक्षर पूर्ण बाहेर ठेवून बाकीच्या दहांवर ट्रेन केलं, असं अकरा वेळा. चूक ४.१ वरून १७.८ वर गेली.

दोन दिवस मी कुणालाच सांगितलं नाही. पेपर रिव्ह्यूला होता. माझ्या मनात आलं होतं, खोटं कशाला सांगू, की रिव्ह्यूअरला काय कळणार आहे, त्याच्याकडं काय माझे फोटो आहेत? त्या वैतागलेल्या एथिक्सच्या कोर्समध्ये पेपर मागं घेतल्याच्या केसेस शिकवल्या होत्या, त्यातल्या एकीत नेमकं हेच होतं, आधी माहीत असून गप्प बसलेले. तिसऱ्या दिवशी मॅडमच्या केबिनमध्ये गेले, लॅपटॉप उघडला आणि भोक दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं तुलाच सापडलं. मेल मी ड्राफ्ट करते, तू पाठव." संपादकाला मेल गेला, पेपर काढून घेतला. चार दिवसांनी दोन ओळींचं सभ्य उत्तर आलं. मी उगाच केवढी घाबरले होते. जर्नलवाले रिव्ह्यूच्या टप्प्यावर पेपर मागं घेऊ देतात, त्यात बट्टा वगैरे काही लागत नाही, हे कुणीतरी आधी सांगितलं असतं तर ते दोन दिवस तरी वाचले असते.

त्यानंतरचे आठ महिने मी सगळ्यात जास्त शिकले पण सांगण्यासारखं त्यात फार काही नाही. शाई फिकट करा, डाग टाका, ओळ थोडी वाकडी करा, नवीन दोन घरांतून कागद आणा, एक एक रन नऊ तास, अकरा रन म्हणजे आठवडा, मध्येच लाइट गेली की परत. मार्च २०२३ ला १२.३ वर आलं आणि तिथंच थांबलं. नवीन पेपरमध्ये १२.३ लिहिलं, आणि शेजारी, चुकीच्या वाटणीनं हाच आकडा ४ च्या आसपास दिसतो, हेही लिहिलं. रिव्ह्यूअरला नेमका तोच भाग आवडला, त्यानं त्याच्यावरच तीन प्रश्न विचारले. एप्रिलमध्ये पाठवलेला पेपर जानेवारी २०२४ ला स्वीकारला. सबस्क्रिप्शनचं, म्हणजे पैसे वाचणाऱ्यांकडून घेणारं, जर्नल निवडलं होतं, त्यामुळं खर्च शून्य.

याच काळात रोज मेल यायचे, ४८ तासांत अ‍ॅक्सेप्टन्स, फी फक्त अडीच हजार. थकलेल्या माणसाला ते मेल फार गोड दिसतात. यूजीसीनं २०१८ मध्ये आपल्याच यादीतून ४,३०५ जर्नलं काढून टाकली होती, पुढं केअर नावाची नवी यादी आली, फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली. म्हणजे यादीत नाव आहे म्हणून निवांत राहायची सोय नाही. त्या जर्नलमधले चार पेपर स्वतः वाचा, तुम्ही ज्यांचं काम वाचता ती माणसं तिथं लिहितात का बघा. अजून एक, ७ नोव्हेंबर २०२२ च्या नव्या नियमांत पेपरची सक्ती काढली, त्या दिवशी ग्रुपवर नुसते पेढ्यांचे इमोजी. पण आधी रजिस्टर झालेल्यांना जुनेच नियम, एक जर्नल पेपर आणि दोन कॉन्फरन्स. आणि नवीन लोकांनो, विद्यापीठं स्वतःची अट ठेवू शकतात, तेव्हा आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक वाचा, ग्रुप वाचू नका.

फेब्रुवारी २०२४ ला प्री-सिनॉप्सिस, मार्चमध्ये सिनॉप्सिस, मग प्लॅगरिझम. पहिला रिपोर्ट आला २३ टक्के आणि मला घाम फुटला, कारण दहापर्यंतच चालतं. बघितलं तर त्यात संदर्भसूची धरलेली, प्रमाणपत्राचं पान धरलेलं आणि माझाच छापून आलेला पेपर. सूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश वगळायचे असतात हे २०१८ च्या नियमांतच आहे, सेटिंगमध्ये टिक करायची राहिली होती. स्वतःच्या पेपरसाठी गाइडचं पत्र जोडायला लागलं. शेवटी ७ आले. लायब्ररीत दोन पेढे ठेवले तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, अहो, शुगर आहे.

प्रिंटिंगची गंमत ऐका. मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या सगळ्या लिप्यांच्या यादीत, आलंय २०१४ ला, आवृत्ती ७ मध्ये, नोटोचा फॉन्ट मिळतो, माझ्या मशीनवर सगळं झकास. छपाईवाल्याकडं वर्ड फाइल दिली, त्याच्याकडं फॉन्ट नाही. हार्डबाउंड पाच प्रती, मरून कव्हर, सोनेरी अक्षरं, आणि आत मोडीच्या जागी पानोपानी चौकोनी डबे. प्रतीमागं ६५० रुपये गेले ते गेले. फॉन्ट आत घातलेली पीडीएफच द्या आणि आधी एकच प्रत, तीही स्पायरल, काढून बघा. सबमिशन फी १५ हजार, दरवर्षीची फी वेगळी. सगळं मिळून, कार्ड धरून, माझे दोन लाखांच्या वर गेले. नीट हिशेब मी मुद्दामच केला नाही.

११ जून २०२४ ला थीसिस जमा झाला. मूल्यमापन सहा महिन्यांत व्हावं असं नियम म्हणतो. मला लागले चौदा. पहिल्या परीक्षकांचा रिपोर्ट नोव्हेंबरमध्ये आला. दुसऱ्यांनी संमतीच्या मेलला उत्तरच दिलं नव्हतं आणि तसं उत्तर आलेलं नाही हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, फाइल तशीच. मला वाटायचं विचारायला गेलं तर चिडतील. मार्चमध्ये गेले, तर टेबलावरच्या ताई म्हणाल्या, "आधी यायचं की हो!" आणि माझ्यासमोर तिसऱ्या परीक्षकांना मेल केला. दर महिन्याला एक साधा, नम्र ईमेल टाकत जा, जाऊन उभं राहायला जमलं तर आणखी चांगलं. माणसं वाईट नसतात, फायली फार असतात.

व्हायवा ओपन असतो, कुणीही येऊन बसू शकतं, आमच्याकडं पंचवीस जण होते. शाल-श्रीफळ, जेवण, भेटवस्तू असलं बरंच मला सुचवलं गेलं. नियमात यातलं काही नाही. मी चहा, बटाटेवडा आणि पेढा ठेवला, कुणाचं काही अडलं नाही. परीक्षकांनी पन्नास मिनिटं विचारलं, त्यातली वीस त्या भोकावर. एक प्रश्न होता, जिथं कागदच नाही तिथं तुमचं बरोबर उत्तर कुणी ठरवलं? मी म्हटलं, लिप्यंतर करणाऱ्यांनी, संदर्भावरून. त्यांनी मान हलवली, पुढं गेले.

सप्टेंबरमध्ये पदवीचं नोटिफिकेशन आलं, त्यात माझ्या नवऱ्याच्या नावात एक वेलांटी जास्त. दुरुस्तीचा अर्ज, स्टॅम्प पेपर, आधार, लग्नाचा दाखला. ते अजून चालू आहे. शोधगंगेसाठी, म्हणजे थीसिसच्या ऑनलाइन भांडारासाठी, प्रकरणागणिक वेगळी पीडीएफ करून, त्यांच्या पद्धतीनं नावं घालून दिली, तीही चढली.

गणपती झाल्यावर एक प्रत आप्पांना द्यायला गेले. आता ऐंशी झालेत, ऐकायला कमी येतं. इंग्रजी त्यांनी उलटलंच नाही, सरळ फोटोंची पानं काढली, भिंग घेतलं आणि बरोबर त्या ओळीवर थांबले. बराच वेळ बघून म्हणाले, "पोरी, हे खंडोजी मी लिवलं होतं व्हय?"

म्हटलं, हो की. वर भावाचा बाप खंडोजी आहे म्हणून.

"भाऊ म्हणजे सख्खाच कशावरनं? चुलत असला तर?"

मी काहीच बोलले नाही. ते उठले, कपाटातून वही काढली आणि पेन्सिलीनं खंडोजीच्या पुढं एक बारीक प्रश्नचिन्ह केलं. मग म्हणाले, त्याच घराचा दुसरा रुमाल अजून सोडलेला नाही, येत्या शनिवारी मोकळी आहेस का?